दुपारी बारा वाजताची कोळशी

निजामी अमलात, फसली १३४५ च्या (म्हणजे इ.स. १९३६ च्या) उन्हाळ्यात भालकी तालुक्यातल्या चन्नव्वा भोयणीला तिचं जप्त झालेलं जाळं परत मिळालं. हे वाक्य नंतर दप्तरातून खोडण्यात आलं आहे. म्हणून वाचकांनी ते वाचलंच नाही असं समजून पुढे चालावं.

मांजरा नदीत कोळशी नावाचा मासा सापडतो. हैदराबादेतल्या एका विद्वान समितीनं, नदीकडे न फिरकता, असं ठरवलं की कोळशी एक नसून दोन आहेत : एक आम, एक खास. रंग तोच, खवले तेच, काटेही तेवढेच. फरक फक्त मापात. अंगाची लांबी उंचीच्या तिपटीहून जास्त भरली तर मासा आम. तो रयतेनं खावा. कमी भरली तर खास. तो दुर्मिळ असल्यानं त्याचं रक्षण व्हावं. रक्षणाची जागा म्हणून तहसीलदार साहेबांचा बावर्चीखाना मुक्रर झाला.

मोजणारा निःपक्षपाती हवा. मासे खाणारा मापात पाप करील, म्हणून कचेरीतल्या रामाचार्यांची नेमणूक झाली. आचार्य कांद्यालासुद्धा वळसा घालून जात. मासा हातात धरण्याचा प्रश्नच नव्हता, आणि सरकारी हुकूम मोडणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. त्यांनी शास्त्रोक्त तोड काढली. मासा तोंडाकडून दोरीला उभा टांगायचा आणि जमिनीवर पडलेली त्याची सावली दर्भाच्या काडीनं मोजायची. माणसांच्या सावलीचा विटाळ मानणाऱ्या आचार्यांनी माशाच्या सावलीला तेवढी सूट दिली.

स्नान, पूजा, नैवेद्य, जेवण आटोपून आचार्य कचेरीत पोचत तेव्हा बारा वाजलेले असत. चन्नव्वाचा मासा टांगला गेला. खाली भाकरीसारखी गोल सावली पडली.

"खास," आचार्य म्हणाले.

"अप्पा, ही कुठली खास? आमची रोजची कोळशी हाय."

"लांबी एक काडी, उंची एक काडी. इतकी खास मीही प्रथमच पाहतोय."

"सूर्य डोईवर हाय म्हून गोल दिसायलीय. सकाळी मोजा की! बघा कशी लांब पडती."

"सकाळी माझी पूजा असते."

"मग मासा आखूड हाय, का तुमची पूजा लांब हाय?"

हा प्रश्न मिसलीत, म्हणजे प्रकरणाच्या कागदांत, नोंदवला गेला नाही.

त्या महिन्यात झाडून सगळ्या कोळश्या खास निघाल्या. दुर्मिळ मासा इतका मुबलक सापडतो हे पाहून समितीनं अभिनंदनाचा खलिता धाडला. पुढचं पाऊल ओघानंच आलं. ज्या जाळ्यात फक्त खास मासे येतात ते जाळंही खास. आम बाईला ते बाळगता येत नाही. जाळं जप्त झालं. चन्नव्वाच्या घरी खाणारी तोंडं चार, आणि चुलीवर नुसतं पाणी.

ती साहेबांपुढे उभी राहिली. "साहेब, मासा पुन्हा मोजा."

साहेब दयाळू होते. "बेशक मोजू. कुठाय मासा?"

"तुम्हीच खाल्लाव की!"

कायद्याला याची अडचण नव्हती. पुरावा साहेबांच्या पोटात असल्यानं साहेबांनाच अंगणात उभं करण्यात आलं. बारा वाजले होते. आचार्यांनी दर्भ लावला : लांबी एक, रुंदी सव्वा.

"खास," आचार्य म्हणाले.

"हेच हैदराबादेत कुणी मानत नव्हतं!" म्हणून साहेब खूश झाले, आणि त्या खुशीत त्यांनी फेरमोजणीसाठी ताजा मासा मागवला.

"धरू कशानं? दातानं?"

साहेबांनी विचार केला आणि जाळं परत दिलं.

चन्नव्वानंही डोकं लढवलं. बारा टळू दिले आणि चार वाजता, सावली बेताची लांब झाल्यावर, मासा टांगला. पण आचार्यांची वामकुक्षी सुटली साडेसहाला. तोवर सावली अंगण ओलांडून कचेरीच्या पायऱ्या चढली होती.

"आता तर आम झाली न्हवं?"

आचार्यांनी दोनदा मोजलं. "बाई, अठरा हातांची कोळशी नसते." त्यांनी समितीकडून आलेली जलचरांची यादी चाळली. "ही मगर आहे."

"वीतभर मगर? डोळ्यांनी बघा की, अप्पा!"

"डोळ्यांनी बघायचा हुकूम नाही."

मगरीची विनापरवाना शिकार केली म्हणून जाळं पुन्हा जप्त झालं, या खेपेला हत्यार म्हणून. आणि मगर मारण्याचं हत्यार खुद्द सरकारनंच तिच्या हाती दिलं असं दिसू नये, म्हणून जाळं परत दिल्याची नोंद खोडली गेली.

चन्नव्वानं लिहवून घेतलेली दरख्वास्त अजून मिसलीत आहे :

"मायबाप सरकारच्या चरणी विनंती ऐसी जे, आचार्यांची पूजा आटोपेपर्यंत सूर्य सकाळी नऊच्या जागी थांबवून धरावा. ते सरकारच्या अखत्यारीत नसल्यास, हे प्रकरण वाचून ज्यांना हसू आलं त्यांच्यापैकी कुणी एकानं पुढे होऊन मासा हातात धरून मोजावा. हात धुवायचं पाणी मात्र घरून आणावं. माझ्या हातचं चालेल, असं वाटत नाही."