भेरे सरांचा बिबट्या

एके काळी आमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात एक घुबड राहायला होतं. रीतसर मेलेलं, पेंढा भरलेलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, पण घुबडच. पाहुण्यांच्या सरबताला बर्फ आणायला गेलेली आमची ही रिकाम्या हाताने बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "आत कोनतरी बसलंय."

ते घुबड शेजारच्या भेरे सरांचं. शहापुरात एका जुन्या संस्थेचं दोन खोल्यांचं निसर्ग-संग्रहालय होतं. गाव त्याला 'मेलेली राणीची बाग' म्हणायचं. भेरे सर त्याचे प्रमुख. हाताखाली कोणी नसल्यामुळे झाडूही तेच मारत. माणूस ताठ, अविवाहित, आणि दहा पावलांवरून डांबरगोळ्यांचा वास येणारा. त्यांच्या जन्माचा वैरी एकच, कसर. पिसं, केस, कातडं खाऊन भुगा करणारी ती बारीक अळी. नमुना आठवडाभर कडक गोठवला की कसर मरते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं आणि आमच्या गल्लीतल्या फ्रीजना वाईट दिवस आले. डॉक्टरांकडे मुंगूस गेलं, बँकेतल्या मॅडमकडे खंड्याची जोडी, आमच्याकडे घुबड. मी होकार दिला होता. घरात सांगायचं तेवढं राहिलं होतं. हिने आरडाओरडा करण्याआधीच सर म्हणाले, "लक्ष्मीचं वाहन हाय, वहिनी. राहू द्या की." तेव्हापासून ही गुपचूप लॉटरीची तिकिटं घ्यायला लागली.

"जिता मानूस काय, मरनारच," सर म्हणत. "मेलेलं टिकवायचं, ते खरं काम." हे काम ते कुठंही करत. धसईला एका लग्नात त्यांनी आशीर्वाद देता देता नवरदेवाच्या कोटाची कॉलर उलटी करून कसर तपासली आणि आहेरात डांबरगोळ्यांचं पाकीट दिलं. आमचे सासरे दुपारी आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपले होते, तर सर त्यांच्याभोवती एक चक्कर मारून मला म्हणाले, "बैठक चांगली जमलीय." सासरे पुन्हा आमच्याकडे दुपारचे झोपले नाहीत.

संग्रहालयाचा राजा म्हणजे बिबट्या. हायवेवर ट्रकखाली सापडलेला, सरांच्या गुरूने भरलेला. बाकीच्या बरण्या आणि पाखरं बघायला कुत्रं येत नव्हतं; सहली यायच्या त्या बिबट्यासाठी. संस्थेने तर साफ सांगितलं होतं, बिबट्या आहे तोवर खोल्या आहेत. आणि एका सकाळी सरांना त्याच्या पोटाखाली चिमूटभर भुगा दिसला.

बिबट्या मावेल असा फ्रीज गल्लीत नव्हता. हायवेवरच्या आइस्क्रीमवाल्या शेठची मोठी पेटी थंडीत रिकामी असायची. सरांनी शेठला इतका घोळात घेतला की तो शेवटी कंटाळून हो म्हणाला. मग हातगाडीवर बिबट्या, एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला मी, अशी मिरवणूक भर बाजारातून निघाली. भाजीवाल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. एकीने विचारलंच, "मास्तर, नवरदेव कुठं चालला?"

पेटीत बिबट्या बसला, शेपूट बसेना. ती बाहेर, आणि झाकण चार बोटं उघडं. शेठ म्हणाला, दुमडा. मी म्हणालो, दुमडा. सर हटून बसले. "दुमडली तर तुटंल. बिनशेपटीचा बिबट्या म्हंजे निस्तं मांजर." शेवटी त्या फटीत गोधडी कोंबली आणि वर दोन धोंडे ठेवले.

त्या दिवसांत लोडशेडिंग असं होतं की लाईट ही पाहुणी होती. बर्फ धरायचा, वितळायचा, पुन्हा धरायचा. सर रोज जाऊन गोधडी चाचपायचे आणि मला सांगायचे, गार लागतंय. आठवड्याने झाकण काढलं, तर बिबट्या पाण्यात भिजलेल्या पोत्यासारखा. उचलायला गेलो तर एक कान सरांच्या हातात आला. पोटाची शिवण उसवली, ओला पेंढा बाहेर आला, आणि त्या पेंढ्यात कसर वळवळत होती. चांगली धष्टपुष्ट. शेपूट मात्र शाबूत होती.

शेठ म्हणाला, जाळून टाका. जुन्या कातड्याला विष चोळलेलं असतं, त्याचा धूर वाईट, एवढंच सर बोलले. आम्ही संग्रहालयामागे खोल खड्डा खणून त्याला पुरलं. माती ओढताना मी दोन-तीन विनोद करून पाहिले. एकही चालला नाही.

पुढच्या आठवड्यात मुरबाडकडच्या एका शाळेची सहल आली. मी सरांना म्हणालो होतो, कुलूप लावा, आजारी आहे म्हणून कळवा. सर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. पोरं धावत थेट काचेच्या मोठ्या कपाटापुढे गेली. आत नुसती फळी. बरोबरच्या बाईंचा चेहरा पडला.

"सर, वाघ कुठंय?" एका पोरीने विचारलं.

"वाघ नाय गो, बिबट्या. पानी प्यायला गेलाय तानशाच्या तलावावर," सर म्हणाले. "तवर सांगतो, हळू बोला." आणि त्यांनी रिकाम्या कपाटापुढे बिबट्या उभा केला. इथं डोकं, थोडं खाली झुकवलेलं. इथं मिशा, या अंधारात वाट चाचपतात. हा पाय उचललेला, कारण पाचोळा वाजता कामा नये. बोलता बोलता सर स्वतःच वाकले, त्यांचा एक हात पंजासारखा हवेत थांबला. पोरं श्वास धरून काचेत बघत होती. एक बारकं पोरगं तर बाईंच्या मागे लपलं.

एसटी गेली. सर बाकावर बसून राहिले. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरलं. संस्थेची माणसं सोमवारी चाव्या न्यायला यायची होती.

"त्यान्ला खरं वाटलं असंल का हो?" त्यांनी विचारलं.

"वाटलं की."

सर कपाटाकडे बघत होते.

"मला पन वाटलं," ते म्हणाले. "जरा येळ."