सुधाकरपंतांची पिछाडी टेंभऱ्या डोंगरावर गेली त्याची हकिकत

श्रीगजाननास नमन, वाग्देवीस नमन, आणि सिल्वासा शहरीच्या त्या चहावाल्यास नमन, ज्याने भल्या सकाळी आधणात आले ठेचून टाकिले आणि सकळ फौजेचे डोळे उघडिले. महाविद्यालयाचे हुजुरातून, म्हणजे प्राचार्यांचे दालनातून, आज्ञा जाहली की, गिरिभ्रमण मंडळाची मुले रविवारी डोंगरास गेली आणि सोमवारी पहिल्या तासास एकही असामी हजर नव्हता, तरी काय प्रकार घडला तो साद्यंत लिहून आणणे. म्हणोन हा मजकूर लिहिला आहे. पाहिले ते लिहिले, ऐकिले ते ताडून लिहिले, आणि जेथे दोघांच्या सांगण्यात फेर पडला तेथे जे अधिक शोभेल ते लिहिले. हुजुरांनी राग न मानता वाचावे.

मंडळाचे मूळपुरुष सुधाकरपंत, भूगोलाचे प्राध्यापक. मूळचे चिपळूणचे, ऐन तारुण्यात नोकरीनिमित्त सिल्वाशास आले आणि येथलेच होऊन राहिले. त्यांनी मंडळ स्थापिले तेव्हा दोन कायदे घालून दिले. पहिला ऐसा की, पिछाडीच्या मागे कोणी राहू नये. दुसरा ऐसा की, जो सर्वांत थकला त्याची सोबत पिछाडीने सोडू नये. तो बसला तर बसावे, तो फिरला तर फिरावे. आणि पिछाडी खासे पंतांनी आपणाकडे ठेविली.

त्याचा परिणाम ऐसा जाहला की, दरसाल मंडळ टेंभऱ्या डोंगरावर चालून जाई, आणि दरसाल कोणी ना कोणी मोडून पडे. कोणाचे आदल्या दिवशीचे पनीर पोटात बंड करी, कोणाचा गुडघा रुसे, कोणास तर निव्वळ आईची आठवण येई, आणि मग पंत त्यास घेऊन अर्ध्या वाटेवरून माघारी फिरत आणि बसपाशी येऊन त्यास लिंबूपाणी पाजीत. फौज फत्ते करून उतरली म्हणजे पंत पुसत, "वरून धरण कसं दिसतं रे?" आणि फौज तोंडात थेपला कोंबून उत्तर देई, "भारी, सर." या एका 'भारी'वर पंतांनी दमणगंगेचे खोरे वर्षानुवर्षे शिकविले. फळ्यावर त्या नदीवरील मधुबन धरणाचे पाणी काढीत, त्यास तीन फाटे काढीत, आणि खडू खाली ठेविताना किंचित थांबत. आता येत्या उन्हाळ्यात पंतांची सेवानिवृत्ती नेमिलेली. म्हणजे ही त्यांची अखेरची मोहीम, आणि टेंभऱ्याच्या माथ्यास त्यांचे पाऊल कधी लागलेले नाही.

मंडळाच्या सरनोबत मृणालबाई टोकरखाडेकर, तृतीय वर्ष, आवाज खणखणीत, स्वभाव तिखट. त्यांस पंतांच्या कुटुंब सुलभाबाई यांनी घरी बोलाविले, पुढ्यात ओल्या नारळाच्या करंज्या ठेविल्या आणि फर्माविले, "यंदा यांना वर नेल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस. नाहीतर निवृत्त झाल्यावर दिवसभर घरात बसून मलाच ते धरण शिकवतील." मृणालबाईंनी करंजीवर हात ठेवून शपथ वाहिली, आणि मग ती करंजी खाल्ली.

मग मृणालबाईंनी हिकमत योजिली. कोणी थकलेच नाही तर पिछाडी फिरेल कशास? म्हणोन महाविद्यालयाच्या जिन्यावर भरती काढिली आणि जो न धापता गच्चीवर पोचेल तोच मोहिमेस घ्यावा ऐसा हुकूम सोडिला. कल्पेशजी गच्चीवर पोचून वर गरब्याची एक फेरी घेऊन आले, त्यांस बिनीची सरदारी, म्हणजे सर्वांपुढे चालण्याचा मान, मिळाला. मसाटच्या कामगार चाळीतले गोकुळराव खानदेशी, वडिलांसमवेत नंदुरबार प्रांत सोडून आलेले, तेही तरले. प्रथम वर्षाची गुड्डी मात्र दुसऱ्या मजल्यावरच भिंतीस टेकली. तिचे नाव कटले. इतक्यात पंत जिना उतरत आले, त्यांनी गुड्डीचा चेहरा पाहिला आणि मृणालबाईंस म्हणाले, "डोंगर काय फक्त दमदार माणसांचाच असतो होय? हिला घ्या." झाले! सगळ्या तजविजीवर पाणी पडिले. मृणालबाईंनी पिछाडी आपणांकडे मागितली, तर पंत म्हणाले की मुलांचे आईबाप मुले माझ्या भरवशावर धाडितात, सबब पिछाडी देणे नाही. मृणालबाई त्या रात्री नीट जेवल्या नाहीत.

येथे गनिमाचाही मजकूर सांगणे प्राप्त आहे. वापीकडील एका महाविद्यालयाचे मंडळ, बहुत बढाईखोर, त्यांनी इन्स्टाग्रामवर डंका पिटिला की याच रविवारी टेंभऱ्यावर आमचे निशाण लागेल. त्यांत गुड्डीचा मामेभाऊ सुमित होता. त्याने सकळ आप्तांच्या देखत तिची टर उडविली होती की, ही पोरगी रस्त्यावरचा गतिरोधक तरी चढेल काय! गुड्डी दुसरेच दिवशी बाजारात जाऊन नवे कोरे बूट घेऊन आली. नवे बूट घालून डोंगरास जाणे म्हणजे काय, हे मंडळात सर्वांस ठाऊक होते, तिला सांगण्याचे मात्र सर्वच विसरले.

रविवार उजाडला आणि फौजेने कूच केले. खडोलीच्या एका कारखान्याची पाळीची बस सुटीमुळे मोकळी होती, ती गोकुळरावांच्या वडिलांनी रदबदली करून मिळविली. आत अद्याप यंत्राच्या तेलाचा वास होता, त्यात थेपले, मेथीची वडी, नागलीचे लाडू आणि उकडलेली अंडी यांचा वास मिसळला आणि खानवेल येईतो निम्मा दाणागोटा गर्दीस मिळाला. पंत मागील बाकावर, सुलभाबाईंनी विणलेली केशरी कानटोपी डोईस घालून, गळ्यात शिट्टी आणि पाठीस मलमपट्टीची पिशवी लावून बैसले होते.

पायथ्यास उतरताच 'हर हर महादेव' जाहले आणि बिनी उधळली. कल्पेशजींच्या हाती मोबाइल, त्यात नकाशा, आणि नकाशात एक निळा ठिपका, त्यावर त्यांचा देवापरता विश्वास. पहिल्याच चढावर रेंज गेली आणि ठिपका जागीच थिजला, परंतु कल्पेशजींनी तो पुढे चालला आहे ऐसे मानिले. साग संपून जेथे माथ्याची वाट वर फुटते तेथे ती सोडून बिनीने गुरांची वाट धरिली. ही वाट डोंगराच्या कमरेस करगोट्यासारखी वेढून आहे. ती ना वर जाते ना खाली. गुरे तीवरून गोल हिंडतात आणि संध्याकाळी घरी येतात. आमची फौज ऐन तारुण्यात, गुरांहून वेगवान, ती गोल हिंडू लागली आणि वाट फार चढाची नाही याचे परस्परांत कौतुक करू लागली.

इकडे पिछाडीचा मजकूर. पंत, गुड्डी आणि सोबतीस गोकुळराव, ऐसे तिघे बिनीच्या पावलांमागून त्याच गोल वाटेस लागले. गुड्डीच्या बुटांनी टाचांचे लचके तोडिले होते. एका मोहाच्या झाडाखाली ती मटकन बसली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "सर, बूट लय चावतंय. तुम्ही जा ना वर. मी बसते इथंच." पंतांनी पिशवी उघडिली, टाचांस पट्ट्या लाविल्या आणि म्हणाले, "मी खूप डोंगर पाहिलेत गं." हे साफ खोटे होते. मग ते उठले, एकवार माथ्याकडे पाहिले, आणि परतीस तोंड केले. हे लिहिताना लेखकाचे मन खट्टू होते, परंतु हकिकत लिहिणे भाग आहे.

इतक्यात ईश्वरी करणी! ज्या वाटेने ते आले त्याच वाटेवर, म्हणजे पिछाडीच्याही मागून, एकच कल्होळ ऐकू आला. गोकुळरावांनी कान देऊन सांगितले, "सर, मांगे लोके ई रायनात!" पंत म्हणाले, "मागे? अरे, मी पिछाडी. माझ्या मागे कोण असणार?" उभ्या कारकिर्दीत हा प्रश्न त्यांस पडला नव्हता. ती अर्थात आमचीच बिनी होती, जी डोंगरास संपूर्ण प्रदक्षिणा घालून, घामाघूम होऊन, आपल्याच पिछाडीच्या पाठीवर आली होती!

कल्पेशजींस झाडीआडून पुढे माणसे हलताना दिसली मात्र, त्यांनी आरोळी ठोकिली, "अरे यार, वापीवाला आगळ छे! चालो चालो, पकडो!" आणि फौज चवताळली. ती आरोळी गुड्डीने ऐकिली, तिच्या कानी 'वापी' एवढाच शब्द पडिला, आणि तिने जाणिले की गनीम आला, त्यात सुमित आहे, आणि आता तो आपणांस झाडाखाली पाय धरून बसलेले पाहणार. मग काय सांगावे! तिने बूट उपसून गळ्यात अडकविले, परतीची वाट तर रोखलेली, म्हणोन समोरचा गवताळ चढ धरिला आणि अनवाणी, पट्ट्यांसकट, सरळ वर सुटली. पंत ओरडले, "गुड्डी, अगं थांब!" ती थांबेना. आता कायदा काय सांगतो? थकल्याची सोबत पिछाडीने सोडू नये, तो जिकडे तिकडे पिछाडी. कायदा तोच, ज्याने पंतांस दरसाल खाली आणिले. पंतांनी कानटोपी कानांवर ओढिली आणि तेही वर सुटले, आणि त्यांचे मागे गोकुळराव.

मृणालबाई बिनीच्या मध्यात धावत होत्या. मनात एकच सल की, सर पुन्हा खालीच राहिले, आणि आता सुलभाबाईंस काय तोंड दाखवावे. त्यांनी मान वर केली तो चढावर केशरी ठिपका दिसला. कल्पेशजींचा निळा ठिपका खोटा होता, परंतु हा केशरी खरा. ती कानटोपी मृणालबाईंनी सुलभाबाईंच्या सुयांवर अर्धी असताना पाहिली होती. त्यांच्या ध्यानी सारे एका क्षणात आले. तोंडाशी हाक आली, "सर!" आणि ती त्यांनी गिळली. कारण हाक दिली तर पंत थांबतील, मागे वळतील, सर्वांस ओळखतील आणि पिछाडीस जाऊन उभे राहतील. मग आपल्या फौजेस खरे न सांगता त्यांनी हुकूम फर्माविला, "वापीवालेच आहेत ते! सोडू नका! आणखी जोरात ओरडा!" ऐसा दगा कोणा सरनोबताने आपल्याच सरदाराशी इतक्या प्रेमाने केलेला ऐकिवात नाही.

मग जी शर्थ जाहली ती काय वर्णावी! पुढे गुड्डी, तिच्या गळ्यात बूट टणाटण आपटताहेत, तिच्या मागे पंत, एका हाताने गवत धरिताहेत आणि दुसऱ्या हाताने शिट्टी फुंकिताहेत, त्यांचे मागे गोकुळराव "सर, हळू, सर, हळू" म्हणत आपणच घसरताहेत, आणि खालून सकळ फौज "पकडो, पकडो" ऐसा गजर करीत येते आहे. पंत दमले की खालून गजर वाढे, आणि गजर वाढला की गुड्डी आणखी पळे, आणि गुड्डी पळाली की पंतांस पळणे प्राप्त. ऐसे करिता करिता गवत संपले, खडक लागला, खडकही संपला, आणि पुढे चढावयास काही उरलेच नाही.

कल्पेशजी पाठीवरील मंडळाचे निशाण उपसून, दात ओठ खाऊन, माथ्यावर उडी घेते जाहले, तो समोर गनीम म्हणोन भूगोलाचे प्राध्यापक धापा टाकीत उभे! कल्पेशजींच्या तोंडून एवढेच निघाले, "गुड मॉर्निंग, सर." मग काय घडले ते हळूहळू सर्वांस कळो लागले आणि ऐसा हशा उसळला की दोन असामी हसता हसता खाली बसले. खऱ्या वापीकरांचा मात्र पत्ता नव्हता. त्यांची बस सुटलीच नव्हती, हे रेंज येताच इन्स्टाग्रामवरून समजले. गुड्डीने तत्काळ माथ्यावरील आपले अनवाणी चित्र सुमितास रवाना केले, खाली मजकूर एकच, "कुठे आहेस?"

परंतु पंत अद्याप धरणाकडे पाहीनात. ते कड्याशी उभे राहून, ज्या चढाने आले त्या चढाकडे खाली पाहात होते. श्वास बसताच त्यांनी सवयीने पुसले, "मागे कोण राहिलं?"

मृणालबाई पुढे जाहल्या. म्हणाल्या, "कोणी नाही, सर. सगळे वर आलेत."

"नीट बघितलंस?"

"बघितलं, सर. आता तुम्ही तिकडे बघा."

तेव्हा सुधाकरपंत वळले. खाली मधुबन धरणाचे पाणी उन्हात पसरलेले, त्यात बेटे, काठास पाडे, आणि पाण्याचे फाटे डोंगरांत शिरलेले. पंत बराच वेळ पाहात राहिले. मग त्यांनी बोट उचलून फाटे मोजिले, पुन्हा मोजिले आणि म्हणाले, "अरे, चार आहेत की! मी आयुष्यभर फळ्यावर तीन काढले." चौथा फाटा डोंगराआड असल्याने खालून दिसत नाही. नकाशात तो होता, परंतु सवयीच्या हातातून कधी उमटला नाही. तेथे कल्पेशजींनी अर्ज गुदरिला की, परीक्षेत आपण चार फाटे काढिले होते तेव्हा गुण कापिले गेले, तरी ते परत व्हावे. पंतांनी अर्ज जागच्या जागी मंजूर केला, डोळे पुसले आणि आपणच हसू लागले. मग नागलीचा उरला लाडू सर्वांत वाटण्यात आला, वाट्यास कण कण आला, आणि तो सर्वांस पुरला.

उतरताना पंतांनी गळ्यातील शिट्टी काढून मृणालबाईंचे हाती दिली. आपण गुड्डीसवे पुढे चालले, तिचे बूट स्वतःच्या पिशवीत घालून. सकळ फौज उशिरा घरी पोचली, पाय सुजले, आणि सोमवारी पहिल्या तासास कोणी उठले नाही, हेच ते गैरहजेरीचे कारण, हुजुरांनी समजोन घ्यावे. खासे पंत मात्र सोमवारी लंगडत का होईना वर्गात गेले, रिकाम्या बाकांसमोर उभे राहिले आणि फळ्यावर धरण काढिले, ते अद्याप पुसलेले नाही.

सबब नोंद करण्यात येते की, पौष मासी, रविवारी, टेंभऱ्या डोंगर फत्ते जाहला. धरणास फाटे चार. पिछाडीस कोणी राहिले नाही.