कमानीखाली सात मिनिटं

“माझ्या फोटोत माझ्या परवानगीशिवाय माशी बसत नाही!” असं एवारिस्तो रोमभर छाती ठोकून सांगायचा. खरंच बसत नसे. परदेशी साहेबांना रोमचे दगड हवे असत, रोमची माणसं नकोत. म्हणून हा पडक्या देवळांपुढे कॅमेरा मांडून धोबिणी-गुराख्यांवर खेकसायचा, “हटा तिथून!” सात वर्षं खेकसला. माणसं हटली ती कायमचीच.

आणि आता व्हितेर्बोहून बहिणीचं पत्र : “तिथे तुला कुत्रं विचारत नाही, मला ठाऊक आहे. गाडी पाठवते. माझ्याकडे राहायला ये.”

तिच्या हुकमाखाली म्हातारपण? त्यापेक्षा विहीर बरी! त्याने ठोकून दिलं : “मित्रांच्या गराड्यातून सुटका नाही. फोटोच पाठवतो!”

पण गराडा आणायचा कुठून? गेला नुन्झियाता धोबिणीकडे.

“आज ‘हटा’ नाही, चक्क ‘या’? ताप आलाय का मेल्या?”

“वाइन पाजतो.”

“मग येते. तित्तालाही आणते. वाइन म्हटल्यावर तो थडग्यातूनही उठेल!”

तित्ता गुराखी आला, मागोमाग त्याची गाय आली आणि कमानीच्या सावलीत बसून डुलकी घेऊ लागली.

“सात मिनिटं हलायचं नाही! जो हलेल तो कागदावर उमटणार नाही!” एवारिस्तोने भिंगाचं झाकण काढलं, धावत जाऊन मधे उभा राहिला आणि दोघांच्या खांद्यांवर हात टाकले. माणसाचा खांदा इतका गरम असतो हे तो विसरलाच होता.

तेवढ्यात दुपारच्या बाराच्या घंटा घणघणल्या.

“अगंबाई, आज गुरुवार! माझ्या न्योकी!” नुन्झियाता ओरडली. गुरुवारी रोममध्ये घरोघरी बटाट्याच्या न्योकी शिजतात, हे शेंबडं पोरही सांगेल. सातही दिवस शिळा पाव चावणाऱ्या एवारिस्तोला कुठला गुरुवार न् कुठला शनिवार!

खांदे सटकले. हात हवेतच राहिले.

“एवारिस्तो, चल की जेवायला. ढीगभर केल्यात.”

सात वर्षांत पहिलं आमंत्रण! पण तोंड हललं तर फोटो गेला! तो दगडासारखा उभा.

“बघ रे तित्ता, जेवायला बोलावलं तर उत्तरसुद्धा नाही. काय हा माज!”

पावलं दूर गेली. त्याने सात मिनिटं इमानदारीत पुरी केली.

फोटोत कमान, हवेला मिठी मारलेला एवारिस्तो, दोन बाजूंना धुरकट डाग आणि झोपलेली, अगदी लख्ख गाय.

खाली त्याने लिहिलं, “सगळे होते. जेवायला गेले.”

उलटटपाली उत्तर आलं :

“मग तू का नाही गेलास, गाढवा? गाडी निघाली आहे. गाय आणू नकोस.”