चौकोनी विलायती गाडीचा वध

श्रीचरणी मस्तक ठेवोन सेवके वर्तमान लिहिले ऐसे जे, शके १९३५ विजयनाम संवत्सरी समुद्रापलीकडील एका राज्यात जे अघटित घडले, ते येणेप्रमाणे. पूर्वी त्या मुलखी विलायतेहून एक चौकोनी गाडी आली. अंगाने पत्र्याची पेटी, पावसात आतून गळणारी, परंतु चिखल, दगड, ओढे काही न जुमाने, आणि लोक तिजवर लुब्ध जाहले. मग दरबाराने हुकूम केला की, गाडीत धडकेसरशी फुगणारी उशी नाही, सबब नवी गाडी राज्यात न यावी. पंचवीस वर्षे पुरी केलेली मात्र खुशाल यावी. तरण्यांस मज्जाव आणि म्हाताऱ्यांस पायघड्या! मग लबाडांनी तरण्या गाड्यांवर म्हाताऱ्यांचे क्रमांक ठोकोन त्या बंदरी उतरविल्या, आणि दरबार खवळला.

त्या राज्यी हार्लनराव म्हणोन पशुवैद्य होते. पत्नी डोरीनबाई विलायतेच्या. बाईंच्या कैलासवासी वडिलांची खरीखुरी म्हातारी गाडी रावांनी आणविली होती. एके सकाळी जकातीचे अंमलदार दारी आले आणि गाडीखाली वाकोन पुसते जाहले, "सांगाडा चकचकीत कैसा?" राव अभिमानाने बोलिले, "आम्हीच नवा बसविला! जुना गंजोन भुगा जाहला होता. हिच्या बाबांची गाडी, म्हटले शंभर वर्षे चालावी." अंमलदार बोलिले, "सांगाडा नवा, तर गाडी नवी. किल्ली आणा." बाई धावल्या, "अहो, इंजिन बाबांचे, दारे बाबांची, बैठकीवर त्यांच्या चिरुटाचा डाग आहे!" "बाईसाहेब, डागाचे वय कायदा धरीत नाही." "आणि गंजकीच ठेविली असती तर?" "तर आम्ही चहा घेवोन गेलो असतो." हे ऐकोन बाईंनी रावांकडे जे पाहिले, ते वर्णवत नाही.

मग गाडी भंगारखान्यात नेली आणि यंत्राचा पोलादी जबडा तिजवर सोडिला. हरहर! ऐसा न्याय कोठे ऐकिला नव्हता! दारे चुरगाळली, छत बसले, बैठक फाटोन कापूस उडाला, आणि बाबांचे म्हणोन जे जे होते त्याचा क्षणात चुरा जाहला. नवा सांगाडा मात्र मजबूत; तो थोडका वाकला, मोडला नाही.

सारांश, ज्याचा गुन्हा तो वाचला, आणि निरपराध म्हातारी गाडी मारली गेली. कायदा पाळला म्हणोन अंमलदार दरबारी शाबासकी पावले. बाई घरी पायी गेल्या.