देवाने रिकामी केलेली जागा

दातांच्या डॉक्टरांनी पुन्हा एकदा घर बदलायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या बायकोने सामान बांधायला अजिबात वेळ लावला नाही. आधीच्या घराची निम्मी खोकी अजून उघडलेलीच नव्हती.

डॉक्टर देव मानत नसत. त्यात विशेष काही नाही, पुष्कळ लोक मानत नाहीत आणि सुखाने एकाच घरात राहतात. डॉक्टरांची अडचण त्यांच्या धंद्यातून आली होती. आठवडाभर त्यांच्या खुर्चीत माणसं बसत, आ वासत आणि यंत्राचा आवाज सुरू झाला की एकजात सगळी देवाचा धावा करत. खरं काम करायचं भुलीच्या इंजेक्शनने, पण त्याच्या नावाने आजवर एकाही पेशंटने हाक मारली नव्हती. त्यामुळे आठवड्याच्या सुट्टीची सकाळ तरी देवाशिवाय जावी, सोफ्यावर गप्प बसावं, एवढीच डॉक्टरांची इच्छा होती.

पहिल्या घरी वरच्या मजल्यावरचे काका पहाटेपासून भजनं म्हणत. दुसऱ्या घरची मालकीणबाई रोज सकाळी जिन्यात गाठून काळजीने विचारी, "आज तरी काही वाटतंय का देवाबद्दल?" तिसऱ्या घरासमोर घंटा होती. चौथं घर मात्र दृष्ट लागण्यासारखं होतं आणि ती लागलीच. खिडकीमागच्या मोकळ्या जागेत एक दिवस खड्डा खणला गेला आणि पाटी लागली: नियोजित प्रार्थनाघर.

"हे शेवटचं," बायको म्हणाली. ती नकाशे काढणाऱ्या कचेरीत होती आणि मोजूनमापून बोलायची. "आता जे घर घेशील तिथून मी हलणार नाही. पुढच्या वेळी तू एकटा जा. खोकी माझ्याकडे राहतील."

घरं दाखवणाऱ्या दलालाने डॉक्टरांचं सगळं गाऱ्हाणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, एक जागा आहे. जुनं प्रार्थनाघर."

"तुम्ही माझी चेष्टा करताय?"

"जुनं म्हटलं मी. ती मंडळी गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्या इमारतीत गेली. आता आत खोल्या पाडल्यात, स्वयंपाकघर केलंय. शांतपणे विचार करा. जिथे देव नाही, तिथे तो कधीही येऊ शकतो. मागच्या घरी आलाच ना? पण जिथून तो आपण होऊन सामान घेऊन गेला, तिथे कशाला परत येईल?"

डॉक्टरांनी हा मुद्दा सगळ्या बाजूंनी ठोकून पाहिला. कुठेच किडका वाटला नाही. बायकोने नकाशा काढला. देवाचं जवळात जवळचं ठिकाणही तिथून चांगलं लांब होतं. घर ठरलं.

घर खरंच सुरेख होतं. भिंती जाड, खिडक्या उंच. मुख्य सभागृहाची आता बैठकीची खोली झाली होती आणि डाव्या हाताच्या शेवटच्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट सोफ्यावर पडायचं. पहिल्या सुट्टीच्या दिवशी बायको नेहमीप्रमाणे पोहायला गेली. डॉक्टर दारातला पेपर घेऊन आत आले, दार नुसतं लोटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कॉफी केली. कप घेऊन बाहेर येतात तर काय, सोफ्याच्या खिडकीकडच्या टोकाला एक म्हातारी बसलेली. मांडीवर पिशवी, डोळे मिटलेले, हालचाल नाही.

डॉक्टर लगबगीने पुढे झाले. त्यांनी कप खाली ठेवला आणि तिचं मनगट धरलं.

"हात सोडा," म्हातारी डोळे न उघडता म्हणाली. "जिवंत आहे मी."

"आजी, तुम्ही चुकून आलात. हे आता घर आहे."

"दिसतंय की. पडदे लावलेत. जरा जाड हवे होते."

"प्रार्थनाघर इथून हललंय."

"ठाऊक आहे. तिथे खिडक्याच नाहीत. गार हवेचं यंत्र आहे, ते डोक्यावर घुरघुरतं. मी आयुष्यभर या खिडकीशी बसत आले."

डॉक्टरांनी शेवटचं अस्त्र काढलं. "आजी, स्पष्टच सांगतो. मी देव मानत नाही."

म्हातारीने एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं. "मग तर तुम्हाला इथे बसायचं काही कारणच नाही. सरका."

आणि डॉक्टर सरकले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या सोफ्यापासून. त्यांची कॉफी गार होईपर्यंत म्हातारी बसली, मग उठली, पडद्याची चुणी सारखी केली आणि गेली.

आता हे बायकोला सांगायला हवं होतं. पण सांगणार काय? या घरातही देवाची माणसं येतात म्हटलं की ती शांतपणे म्हणणार, "बरं, मग तू कुठे जातोस?" डॉक्टरांनी तोंडाला कुलूप घातलं.

पुढच्या सुट्टीला म्हातारी आपल्या दिराला घेऊन आली. त्याला ऐकू कमी यायचं, म्हणून तो सगळ्या जगाला ऐकू जाईल असं बोलायचा. "घर चांगलं ठेवलंय हो यांनी!" तो गरजला. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन बहिणी आल्या. त्यांचं आपसात बोलणं नव्हतं, त्यामुळे त्यांना खोलीची दोन टोकं लागायची. आलेल्या माणसाला कोरडं कसं पाठवायचं, म्हणून डॉक्टर चहा करायचे. मंडळी गेली की कप धुवायचे, पुसायचे आणि बायको यायच्या आत फळीवर लावून टाकायचे.

एकदा त्यांनी मनाचा हिय्या करून दाराला आतून कडी घातली. मंडळी निमूटपणे बाहेर पायऱ्यांवर बसली. येणारेजाणारे थबकायला लागले. समोरच्या पाववाल्या बाईने दुकानातूनच आवाज दिला, "म्हातारी माणसं उन्हात बसवलीत होय! कसले हो डॉक्टर तुम्ही?" डॉक्टरांनी कडी काढली आणि वर प्रत्येकाला उशी दिली.

मग त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली आणि सगळा घोटाळा तिथे झाला. वीस-पंचवीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की दातांच्या डॉक्टरकडे माणूस हौसेने कधीच येत नाही. पुढच्या सुट्टीला ते पांढरा कोट घालून, हातात छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन दारातच उभे राहिले. "या घरात बसायचं असेल," ते कडक आवाजात म्हणाले, "तर आधी दात दाखवावे लागतील."

म्हातारीच्या दिराने तिथल्या तिथे तोंड उघडलं.

डॉक्टरांचा हिशेब साफ चुकला होता. लोक घाबरतात ते यंत्राला आणि फीला. इथे यंत्र नव्हतं, फी नव्हती, शिवाय चहा होता. बातमी गावभर झाली. पुढच्या सुट्टीला पायऱ्यांच्या खालपर्यंत रांग लागली. आत जे बसत ते डोळे मिटून बसत, डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत जो बसे तो आ वासून बसे. आरसा हिरडीला गार लागला की तो म्हणे, "देवा रे!" आणि बाकीच्या डोळे मिटलेल्यांतून कोणीतरी सवयीने त्याला साथ देई. ज्या हाकेपासून पळत पळत डॉक्टर या घरापर्यंत आले होते, ती हाक आता सुट्टीच्या दिवशीही आणि समूहाने त्यांच्याच बैठकीच्या खोलीत घुमू लागली. पाववाली बाई गिऱ्हाइकांना सांगू लागली, "प्रार्थना पुन्हा इकडेच आली म्हणे."

हे नव्या प्रार्थनाघरापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? एका सुट्टीला दारात स्वतः धर्मगुरू उभे. माणूस भला, अंगाने भरलेला, डावा हात गालावर.

"माझी माणसं तुमच्याकडे येतात असं ऐकलं," ते म्हणाले.

"मी कोणाला बोलावत नाही, गुरुजी."

"मी बोलावतो. तरी येत नाहीत." गुरुजींनी खोलीभर नजर फिरवली. प्रार्थनेला पुढच्या रांगेत बसणारी त्यांची सगळी मंडळी तिथे हजर होती. "असं काय देता तुम्ही त्यांना?"

डॉक्टरांचं लक्ष मात्र त्यांच्या गालाकडे होतं. "डावीकडून चावत नाही वाटतं तुम्ही?"

"कोण म्हणतं?"

"गाल म्हणतोय. दाखवलं नाही कुठे?"

गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "भीती वाटते हो."

"बसवा त्यांना," खिडकीकडून म्हातारी म्हणाली. "फक्त माझ्या जागेवर नको."

गुरुजींना खुर्चीत बसवलं. सगळ्यांनी कान टवकारले. आपल्या तोंडातून नकळत जो शब्द सुटतो, तो या माणसाच्या तोंडून किती भारदस्त येईल, हे सगळ्यांना ऐकायचं होतं. डॉक्टरांनी गाल बाजूला केला आणि आरशाची दांडी दाढेला जेमतेम लावली.

"आई गं!" गुरुजी किंचाळले.

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. न बोलणाऱ्या बहिणींनीसुद्धा. डॉक्टरांनी बॅटरी लावली, वाकून आत पाहिलं आणि त्यांना ती दाढ दिसली. अशी दाढ त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"अरे देवा!" डॉक्टर म्हणाले.

सगळ्या माना डॉक्टरांकडे वळल्या. मग म्हातारीने डोळे उघडले, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "चला, झाली प्रार्थना. चहा टाका."

सगळे हसले, गुरुजीही गाल धरून हसले. फक्त डॉक्टर हसले नाहीत, कारण दारात त्यांची बायको उभी होती. केस ओले, खांद्यावर टॉवेल. तलावाची सफाई मध्येच निघाल्यामुळे तिला लवकर परतावं लागलं होतं.

मंडळी पांगेपर्यंत ती दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "किती दिवस चाललंय हे?"

"अगं, तो शब्द नुसता तोंडातून निसटला."

"शब्दाचं नाही म्हणत मी. मला पहिल्याच महिन्यात शंका आली होती. कप पुसून ठेवलेले असायचे. आपल्या घरात कधी कोणी कप पुसलेत?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू घराबद्दल तक्रार करत नव्हतास," ती टॉवेलने केस पुसत म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, जे काय चाललंय ते चालू दे."

डॉक्टरांनी गुरुजींची दाढ दवाखान्यात नेऊन व्यवस्थित काढली. गुरुजी उपकार विसरणारे नव्हते. त्यांनी म्हाताऱ्या माणसांसाठी एक गाडी लावून दिली. ती दारातून न्यायची आणि दारात आणून सोडायची. नव्या इमारतीतलं घुरघुरणारं यंत्रही त्यांनी बंद करायला लावलं. "आता तुमची सुट्टी तुम्हाला," ते डॉक्टरांना म्हणाले.

पुढच्या सुट्टीला खरंच कोणी आलं नाही. ऊन सोफ्यावर येऊन बसलं. डॉक्टरही बसले. जिच्यासाठी चार घरं पालथी घातली, ती शांतता आता घरभर होती, आणि डॉक्टरांना चैन पडेना. ते दोनदा उठून दाराची कडी नीट उघडी आहे ना, ते बघून आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा म्हातारी पायऱ्या चढत होती.

"आजी! गाडी नाही आली?"

"आली होती. परत पाठवली." ती आत येऊन आपल्या जागी बसली.

"अहो, पण तिकडे प्रार्थना असते."

"असते ना. म्हणून तर." तिने पिशवी मांडीवर घेतली. "डॉक्टर, तुम्हाला सांगते, पण बाहेर बोलू नका. ती प्रार्थना मला कधी जमलीच नाही. देवाचं सगळं आधी सासूबाई बघायच्या, मग आमचे हे. मी नुसते ओठ हलवायची."

डॉक्टर सोफ्यापाशी आले. "मग इतकी वर्षं इथे..."

"बसायला यायची! घरात सासूसासरे, दीर, पोरं, मग नातवंडं. बाई नुसती बसलीय हे कोणाला बघवतं का? लगेच हाक मारतात. इथे डोळे मिटले की कोणी उठवायचं नाही. उलट म्हणायचे, केवढी भक्ती आहे बघा. आठवड्यातून एवढीच एक जागा होती मला, गप्प बसायला. ती पण यांनी हलवली."

डॉक्टरांच्या एकदम लक्षात आलं. आपण घरामागून घर बदलत जे शोधत फिरलो, ते ही बाई आयुष्यभर एकाच खिडकीशी बसून मिळवत होती.

"सरका, आजी," ते म्हणाले.

म्हातारी वीतभर सरकली. डॉक्टर शेजारी बसले, डोक्याला सोफ्याची पाठ टेकली आणि डोळे मिटले. पाववाल्या बाईच्या दुकानाचं दार कुठेतरी लांब वाजलं आणि पुन्हा सगळं शांत झालं.

तेवढ्यात बायको पोहून आली. चपला काढता काढता तिने आतल्या खोलीकडे नजर टाकली. भिंतीशी सगळी खोकी अजून तशीच रचलेली होती.

"अरे," तिने हाक मारली, "आज सुट्टी आहे. ती खोकी आज तरी उघडायला घ्यायची का?"

म्हातारीने डॉक्टरांना कोपराने हळूच ढोसलं.

"श्श!" डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले. "प्रार्थना चाललीय."