सिंगापूर ते मुंबई, अधिक डायवरचा चहा

गाडी पोचायची वेळ पंढरीशेठनी सांगावी आणि लोकांनी त्यावर घड्याळं लावून घ्यावीत! मुंबईजवळच्या वडप्याहून सुटलेला ट्रक नागपूरला कधी लागणार, हे त्यांनी चाळीस वर्षं बसल्या जागेवरून सांगितलं होतं. किलोमीटर भागिले वेग, अधिक डायवरचा चहा. बस्स!

त्यामुळे सिंगापूरहून लेकीचा, क्षितिजाचा फोन आला, "बाबा, शुक्रवारी सकाळी नऊला निघते, मुंबईत—" तेव्हा शेठनी तिला तिथेच अडवलं.

"निघायची सांगितलीस ना? पोचायची मला नको शिकवू!"

लेक तीन वर्षांनी येत होती. तीही नणंदेच्या लग्नाला, अहमदाबादला. मुंबईत विमान बदलताना मधे दोन तास, विमानतळाबाहेर बापलेकीची भेट. तेवढीच! बायको, पुतळाबाई, गेल्यापासून शेठना घर खायला उठायचं. कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून ते दिवसभर टीव्ही चालू ठेवत.

"चार हजार किलोमीटर, ताशी आठशे. पाच तास," शेठनी हिशेब मांडला.

"आन् चहा?" त्यांचा जुना डायवर लडकू म्हणाला.

"हां! एक तास धर. तीनला उतरते पोरगी. आपन एकला निघू."

शुक्रवारी सव्वाबाराला शेठ स्वतः बोंबील तळत होते, तोच फोन वाजला.

"बाबा, उतरले मी. कुठे उभे आहात?"

"उतरलीस? मधेच? विमान बंद पडलं कं? घाबरू नको! गाडी सोडून लांब जाऊ नको, मेकॅनिक येल!"

"बाबा, मी मुंबईत आहे!"

"एवढ्या लवकर? डायवर केवढी मारत आला गं!"

"अहो, सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं!"

शेठनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्या गाड्या पार गुवाहाटीपर्यंत जाऊन आल्या होत्या, आणि तिथेही नऊ म्हणजे नऊच वाजायचे!

मग काय! बोंबील डब्यात, शेठ गाडीत आणि गाडी माणकोलीच्या ट्रॅफिकमध्ये! पुढे कंटेनर, मागे कंटेनर. ज्यांच्यावर जन्मभर पोट भरलं, त्यांनीच आज वाट अडवली होती. लडकू हॉर्न बडवत होता.

दोन वाजता क्षितिजाचा फोन. "बाबा, अजून दहा मिनिटं थांबते." वीस मिनिटांनी पुन्हा. "बाबा, आता आत जावंच लागेल."

"जा गं. विमान चुकवू नको," शेठ म्हणाले आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

पावणेतीनला ते विमानतळाच्या दाराशी पोचले. तिकिटाशिवाय आत सोडेनात. हातात डबा घेऊन उभ्या उभ्या शेठना रडू आलं.

तेवढ्यात पुन्हा फोन. शेठच्या नुसत्या 'हॅलो'वरून लेकीनं ओळखलं. "बाबा, रडू नका. रविवारी परतताना मुंबईतच विमान बदलायचंय. दुपारी तीनला उतरते. मुंबईचे तीन हं, मुंबईचे!"

"कळलं गं!"

शेठ बाहेरच्या बाकड्यावर बसले. चपला काढल्या, डबा उघडला, एक बोंबील लडकूला दिला.

"चला शेठ, घरी."

"तू जा. मी बसतो हितंच."

"अवो, रविवारला दोन दिस हायेत!"

"असू दे रं. घरी पन वाटच बघायची ना? हितं निदान मानसं तरी दिसतात."