बारकी अक्षरं राह्यलीत

आमच्या शेजारच्या सरूबाई नवऱ्याचं नाव घेत नसत. त्या काळी परतुरात कोणतीच बाई घेत नव्हती म्हणा. पण बाकीच्या बायका 'आमचे हे' म्हणायच्या आणि सरूबाई म्हणायच्या, 'आमचे के'. "आमच्या केला भरीत लई आवडतंय." तेही साधे के नव्हेत, कॅपिटल. तांब्यावर, परातीवर, अगदी जात्याच्या खुंट्यावरसुद्धा त्यांनी मोठा के कोरून घेतला होता.

हे के म्हणजे कोंडिबा. निजामाच्या रेल्वेत इंजिनात कोळसा टाकायचा. डब्यांवरची मोठी इंग्रजी अक्षरं वाचत शिकला आणि चुलीच्या राखेत बोटानं काढून बायकोलाही शिकवली. मोठी सगळी झाली, तेवढ्यात मुंबईला बोटीवर कोळसा टाकायचं काम लागलं. "आल्यावर बारकी अक्षरं शिकवतो," म्हणाला आणि गेला. सुरुवातीला खुशाली कळायची, मग तीही बंद झाली.

सरूबाईंचं इंग्रजी तिथंच थांबलं. पण तेवढ्या भांडवलावर त्या मला, म्हणजे स्टेशनातल्या पार्सलबाबूला, रोज धडे द्यायच्या. "बाबू, मराठीत, उर्दूत समदी अक्षरं सारखी. इंग्रजीत न्हाई. नाव आलं की मोठं, बोलायला सुरुवात केली की मोठं. आन् 'मी' कुठंबी येऊ द्या, मोठाच. समोरचा 'तुम्ही' मातर बारका. असं असतंय व्हय कुठं?" मी मॅट्रिक, पण हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी आपला पावत्या फाडत बसायचो.

एकदा म्हटलं, "वैनी, बारकी मी शिकवतो. आठ दिवसांचं काम."

"न्हाई बाबू. ती त्यांची हाएत. ते येऊन शिकवणार हाएत."

काडेपेटीवर बारकं अक्षर दिसलं तरी परपुरुष समोर आल्यासारखं तोंड फिरवायच्या.

मग एके दिवशी वाटूरहून धाकटा दीर आला. ओसरीवर बसून म्हणाला, "वैनी, दादा गेला असंच समजा आता. कुंकू पुसा, दिवस घालून टाकू." सरूबाई भाकरी थापत राहिल्या. "शिकवणी अर्धी टाकून मास्तर मरतंय व्हय कुठं? बारकी राह्यलीत अजून." दीर बिचारा चहा न घेता उठला. मला हसू आलं होतं, ते मी ओठातच ठेवलं.

मुंबईकडची गाडी आली की त्या फलाटावर असायच्याच. उतरणारा एकेक माणूस बघायच्या आणि गाडी गेली की माझ्याशी वाद घालायला यायच्या. त्या उन्हाळ्यात मी आंब्याच्या करंड्या उतरवून घेत होतो. घामाच्या धारा, गार्डाची घाई. एका करंडीच्या चिठ्ठीवर मोठा पी बघितला आणि परतूरची समजून खाली ओढली. गाडी हलायच्या बेतात होती.

"बाबू, ती वर टाका जल्दी. परभणीची हाए ती."

मी करंडी वर ढकलली. गाडी गेली. घाम पुसताना माझ्या डोक्यात उजेड पडला. परतूर काय नि परभणी काय, मोठा पी दोन्हींना एकच. पुढची सगळी बारकी.

सरूबाई रुळांकडं बघत होत्या.

"कधीपासून येतंय, वैनी?"

"लई दिस झाले. रोज डोळ्यापुढं येऊन राह्यलीत, किती दिस न्हाई म्हणावं?" त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मी उरलेल्या करंड्या मोजायला घेतल्या.

"बाबू, ते आले तर सांगू नका बरं. ते शिकवायला बसले की मला येत न्हाई."